जर्मन जोडशब्दाचे मूळ कसे शोधावे

जोडशब्द समोर आला की प्रथम त्याचा विग्रह करावा, आणि तो उजवीकडून करावा, कारण शब्दाचे लिंग आणि मुख्य अर्थ दोन्ही शेवटच्या पदावर ठरतात. ‘हांटशू’ म्हणजे हातमोजा. त्यातला ‘शू’ म्हणजे बूट हा पुल्लिंगी असल्यामुळे, ‘हांट’ म्हणजे हात जर्मनमध्ये स्त्रीलिंगी असूनही, अख्खा शब्द पुल्लिंगी होतो. ‘आर्बाइट्सत्सिमर’ म्हणजे कामाची खोली. त्यात मधे येणारा ‘स’ हा केवळ सांधा आहे, त्यात अर्थ शोधत बसू नये.

शाळेत तत्पुरुष समास सोडवलेल्या आपल्यासारख्यांना एवढे सहज जमते, आणि नेमके तिथेच आपण फसतो. विग्रह म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. जमिनीखाली बोगदे खणणाऱ्या, मखमली केसांच्या एका छोट्या प्राण्याला जर्मनमध्ये ‘माउलवुर्फ’ म्हणतात. ‘माउल’ म्हणजे जनावराचे तोंड आणि ‘वुर्फ’ म्हणजे फेक. म्हणजे तोंडाने माती फेकणारा, असे आपण मोकळेपणाने सांगून टाकतो. पण हा प्राणी माती उकरतो ती फावड्यासारख्या रुंद पुढच्या पंजांनी. विग्रह आणि वस्तू यांचा असा मेळ बसला नाही की थांबावे आणि शब्दाची जुनी रूपे पाहावीत.

त्यासाठी फ्रीडरिश क्लुगे यांचा 1883 साली प्रथम प्रसिद्ध झालेला व्युत्पत्तिकोश आहेच. शिवाय वोल्फगांग फायफर यांचा कोश ‘डीडब्ल्यूडीएस’ या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो. नोंदीत सर्वांत जुने रूप आधी शोधावे आणि तिथून आजच्या रूपाकडे यावे. प्राचीन जर्मनमधल्या ‘मूवर्फ’चे पहिले पद ढिगाऱ्याचे होते, म्हणजे हा ढिगारे टाकणारा प्राणी. ते पद कळेनासे झाल्यावर मध्ययुगात ‘मोल्ट’, म्हणजे माती, त्याच्या जागी आले. पुढे तोही शब्द मागे पडला आणि लोकांनी ओळखीचे ‘माउल’ बसवले. न कळणाऱ्या पदाला बोलणाऱ्यांनी दोनदा अर्थ दिला, ही गोष्ट मला कोणत्याही साध्या विग्रहापेक्षा मोलाची वाटते.

शेवटी, दोन्ही पदे मुळात जर्मन आहेत का, हेही तपासावे. ‘हेंगेमाट्टे’ म्हणजे दोन झाडांना बांधायची झोळी. ‘टांगलेली चटई’ हा विग्रह चोख बसतो, पण शब्द आला कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या ‘हमाका’वरून, स्पॅनिशमार्गे युरोपात, डच भाषेत त्याचे ‘हांगमाट’ झाले आणि जर्मनांनी तेच आपल्या शब्दांत घडवले. चटईचा ‘माट्टे’ स्त्रीलिंगी, म्हणून ही झोळीही जर्मनमध्ये स्त्रीलिंगी झाली.