बैठकीला वही आणलीच नाही! शिक्षकांच्या बैठकांमधल्या या चुका टाळा

शनिवारी शाळा लवकर सुटते आणि आमची बैठक बसते. 'बसते' हा शब्द अगदी बरोबर. गिरणगावातली जुनी इमारत, मुलांच्या बाकांवर गुडघे वर काढून बसलेले आम्ही एकोणीस जण, समोर मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, परिपत्रक वाचताहेत, बाहेर जुलैचा पाऊस. बदलापूरहून येणाऱ्या बाई बाकाखाली धरलेल्या फोनवर एम-इंडिकेटर ॲपवर लोकलची वेळ बघताहेत. विषय आहे 'अध्यापनाचा दर्जा उंचावणे'. तासाभराने वडापाव येतो, सह्या होतात, आणि सोमवारी सगळे आपापल्या वर्गात जाऊन शुक्रवारी शिकवत होते तसंच शिकवतात.

अशा बैठकांना मी बरीच वर्षं नुसती बसले. गेली सहा वर्षं त्या घ्यायचं काम माझ्याकडे आहे. खाली लिहिलेल्या चुकांपैकी एकही ऐकीव नाही, बहुतेक माझ्याच हातून झालेल्या आहेत.

सुरुवात परिपत्रकाने करणं

यू-डायसची (शाळेच्या सरकारी नोंदणीची) माहिती, आधारच्या नोंदी, पोषण आहाराचा हिशेब, स्नेहसंमेलनाची तारीख. यातलं प्रत्येक काम करावंच लागतं, पण त्यासाठी एकोणीस माणसं एका खोलीत बसवायची गरज नसते. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाका, नाहीतर शिक्षकखोलीतल्या फळ्यावर लिहा. एकदा का सूचना सुरू झाल्या की त्या चाळीस मिनिटं खातात आणि शिकवण्याचा विषय 'वेळ उरला तर' या रकान्यात जातो. तो कधीच उरत नाही. आम्ही आता सूचनांची बैठक वेगळ्या दिवशी, उभ्याने, दहा मिनिटांत उरकतो. उभं राहिल्यावर माणसं कमी बोलतात.

'पाया कच्चा आहे' म्हणून मोकळं होणं

आमच्या बैठकांत सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच. फार सोयीचं आहे ते. पाचवीचे सर चौथीकडे बोट दाखवतात, चौथीच्या बाई तिसरीकडे, तिसरीच्या बाई बालवाडीकडे, आणि बालवाडीच्या ताईंना बैठकीला बोलावलेलंच नसतं.

चौथीच्या वजाबाकीवर आमच्या तीन बैठका अशाच गेल्या. चौथ्या बैठकीला वर्गाच्या बाईंनी वैतागून वह्यांचा गठ्ठाच आणून टेबलावर आदळला. गणित होतं ४०२ वजा १७८. उत्तर २२४. बरोबर सोडवलेल्या वह्या बाजूला काढल्या आणि उरलेल्या आम्ही चुकलेल्या उत्तराप्रमाणे लावत गेलो, पत्ते लावावेत तशा. दोन-चार वह्या कुठेच बसल्या नाहीत. बाकीच्यांचे पंधरा मिनिटांत तीन ढीग पडले.

पहिला ढीग ३७६ चा. या मुलांनी हातच्याच्या भानगडीत न पडता प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलं होतं: आठातून दोन, सातातून शून्य, चारातून एक. दुसरा २३४ चा. यांनी शतक मोडून दहा दशक केले, त्यातला एक एककाला दिला, पण आपल्याकडे आता नऊच उरले हे विसरून दहातून सात वजा केले. तिसरा १३४ चा. मध्ये शून्य दिसल्यावर ही मुलं थेट शतकाच्या दारात गेली, एककासाठी एकदा आणि दशकासाठी पुन्हा एकदा. चाराचे दोन झाले.

लाल शाईची फुली तिन्हींवर सारखीच. आजार मात्र वेगवेगळे. दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगाला पैशांचा खेळ लागू पडला: शंभराच्या चार नोटा आणि दोन रुपये तुझ्याकडे, दुकानदाराला १७८ दे. एक शंभराची नोट मोड, दहाच्या दहा घे. त्यातली एक मोड, सुटे रुपये घे. आता हातात दहाच्या किती? नऊ! सुट्ट्यांवरून बेस्टच्या कंडक्टरची बोलणी ऐकलेल्या मुलांना हे समजावावं लागत नाही. ३७६ वाल्यांना हा खेळ देऊन उपयोग नव्हता, कारण त्यांना ४०२ ही एक रक्कम दिसतच नव्हती, तीन सुटे आकडे दिसत होते. त्यांना आधी ताळा करायला लावला. ३७६ आणि १७८ मिळव बघू. ५५४ आल्यावर एकाने स्वतःचीच वही संशयाने पाहिली, तो त्या आठवड्यातला आमचा सगळ्यात चांगला क्षण.

तेव्हापासून वही नसेल तर बैठक नाही. सगळ्या वर्गाच्या आणू नका, चुका असलेल्या दहा-बारा पुरतात. मुलांच्या नावांवर कागदाची पट्टी चिकटवा, नाहीतर चर्चा 'हा तर तसलाच आहे, याचा मोठा भाऊही...' अशी घराण्यावर जाते. वह्या वाचताना पहिली दहा मिनिटं उपाय सुचवायला बंदी ठेवा. मुलाने काय केलं एवढंच सांगायचं. शिक्षकाला हे फार जड जातं, मलाही जातं.

वहीवाचून केलेला वाद किती लांबतो ते २०१९ च्या जूनमध्ये पाहिलं. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. अभ्यासगटाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सांगत होत्या की जोडाक्षरांची संख्यानावं लहान मुलांना अवघड जातात, आणि बोलताना आधी एकक व लिहिताना आधी दशक या उलटापालटीने ती गोंधळतात. आमच्या शिक्षकखोलीत मराठी भाषेच्या अस्मितेवर दोन दिवस भांडण झालं. दुसरीच्या वर्गात जाऊन 'अठ्ठावन्न लिहा' एवढं म्हणायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी खूप नंतर ते केलं. ८५ लिहिणाऱ्यांत अस्सल मराठी घरातली मुलंही होती, आणि ही अडचण फक्त परप्रांतीय मुलांची हा माझा समज तिथेच मोडला.

तास भरणं

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत. २०१९ मध्ये केंद्र सरकारचं निष्ठा हे शिक्षक प्रशिक्षण आलं, मग दीक्षा या सरकारी पोर्टलवर त्याचे ऑनलाइन अभ्यासक्रम आले. त्यातलं काही खरोखर चांगलं आहे. पण व्हिडिओ एका खिडकीत चालू आणि दुसऱ्या खिडकीत निकालपत्रक भरणं, हेही आपण सगळ्यांनी केलंय. तास मोजता येतात म्हणून आपण तेच मोजतो. एक साधी युक्ती: अभ्यासक्रम केलेल्याने त्यातली एकच गोष्ट वर्गात करून पाहायची आणि पुढच्या बैठकीत ती कुठे फसली ते सांगायचं. प्रमाणपत्राची झेरॉक्स फाइलला लावा, बैठकीत नको.

बाहेरचा वक्ता बोलावण्याचंही तसंच. भाषण सुंदर होतं, टाळ्या पडतात. त्याने आपला वर्ग पाहिलेला नसतो.

मोठा ठराव

'विद्यार्थ्यांमध्ये जिज्ञासा निर्माण करू.' 'कृतियुक्त अध्यापनावर भर देऊ.' इतिवृत्तात हे छान दिसतं. सोमवारी पहिल्या तासिकेला नेमकं काय करायचं ते यातून कुणालाही कळत नाही. ठराव असा हवा की तो केला की नाही हे शेजारच्या बाईंना दारातून दिसलं पाहिजे.

आमचा सगळ्यात टिकलेला ठराव तीन सेकंदांचा आहे. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी वर्गातल्या संभाषणांच्या नोंदी तपासल्या. १९७० च्या दशकात त्यांनी मांडलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतो, मग दुसऱ्याला विचारतो किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतो. हीच वाट तीन सेकंदांवर नेली तर उत्तरं लांब होतात, 'माहीत नाही' कमी होतं, गप्प राहणारी मुलं बोलतात. ऐकायला अगदी किरकोळ. करून पाहा. शेजारून लोकल धडधडत जातेय, मागच्या बाकावर चुळबुळ चाललीय, पुढचा हुशार मुलगा हात हलवून 'बाई, मी! बाई, मी!' करतोय, आणि आपण गप्प. ते तीन सेकंद तासाएवढे वाटतात. मी पाठीमागे हात बांधून बोटांवर मोजायचे. विज्ञानाच्या सरांनी आधी थट्टा केली, मग त्यांनीच सुचवलं की पहिला हात वर आला तरी पाचवा हात येईपर्यंत कुणालाच उठवायचं नाही. आता ते आमच्या मजल्यावर सगळे करतात.

एका वेळी एकच असा बदल घ्या, आणि तो तीन-चार आठवडे चालू द्या. दर बैठकीला नवा विषय ही माझी स्वतःची सगळ्यात मोठी चूक होती. एका वर्षी आमचे असे दहा विषय झाले आणि हाती काही लागलं नाही.

लॉगबुक घेऊन मागच्या बाकावर बसणं

पाठ निरीक्षण म्हटलं की आपल्याकडे शेरा आठवतो. 'फलकलेखन सुवाच्य. आवाजात चढउतार हवा.' त्या दिवशी बाई ठेवणीतली साडी नेसून येतात, एरवी कपाटात असलेलं शैक्षणिक साहित्य बाहेर निघतं आणि मुलांना उत्तरं आदल्या दिवशीच पाठ असतात. यात शिकायला काय उरलं?

जपानच्या शाळांत जुग्यो केन्क्यू नावाची जुनी पद्धत आहे. तीन-चार शिक्षक मिळून एकच पाठ आखतात, एक जण तो घेतो, बाकीचे वर्गात बसतात आणि मुलांकडे पाहतात. पाठ सगळ्यांचा असल्यामुळे फसला तरी एकट्याचा फसत नाही. आम्ही त्याची गरिबाघरची आवृत्ती करतो. ऑफ तास असलेला एक जण दुसऱ्याच्या वर्गात वीस मिनिटं जातो, ठरलेल्या तीन मुलांशेजारी बसतो आणि ती काय लिहितात, कुठे थांबतात, शेजाऱ्याच्या वहीत कधी डोकावतात तेवढं टिपतो. शिक्षकाबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. तो कागद वर्गाच्या शिक्षकाला देऊन टाकायचा, फाइलला लावायचा नाही. फाइलला लागला की ठेवणीतली साडी परत बाहेर येते.

गाडीची वेळ न पाहणं

मुंबईत माणूस शाळेत असतो तेव्हाही अर्धा फलाटावर असतो. आमच्या एकोणिसांपैकी अकरा जण कल्याणच्या किंवा विरारच्या दिशेचे. महिन्यातून एकदा तीन तासांची बैठक ठेवली की शेवटचा तास पाण्यात. त्यापेक्षा पंधरा दिवसांनी चाळीस मिनिटं ठेवा आणि संपण्याची वेळ सुरू होण्याच्या वेळेइतकीच पाळा. सकाळ-दुपार अशा दोन अधिवेशनांच्या शाळांना तेवढंही अवघड, कारण एकाचे शिक्षक उतरत असतात तेव्हा दुसऱ्याचे चढत असतात आणि रिकामी खोली नसते. अशा वेळी सगळ्यांची बैठक हा हट्टच सोडा. एकाच इयत्तेचे किंवा विषयाचे तिघे-चौघे जिन्याखाली उभे राहिले तरी चालतं.

बैठक कामाच्या वेळेत मागायला संकोचू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास धरले आहेत आणि त्यात तयारीचे तासही मोजले आहेत. हे वाक्य मी मोठ्या बाईंना छापून दिलं होतं. त्यांनी वाचलं, हसल्या, आणि मग दोन बदली तासिका लावून दिल्या.

अडलं तर

कुणीच वह्या आणत नाही? स्वतःच्या वर्गाच्या न्या, आणि ज्या धड्यात आपली फजिती झाली त्याच न्या. घेणाऱ्याने आपली चूक टेबलावर ठेवल्याशिवाय दुसरा कुणी ठेवत नाही.

चर्चा पालकांवर, मोबाइलवर, निवडणुकीच्या कामावर घसरते? घसरू द्या पाच मिनिटं, वाफ जायला हवी. पाचव्या मिनिटाला हातातली वही पुढे सरकवा.

नवीन शिक्षणसेवक तोंड उघडत नाहीत? बोलण्याचा क्रम उलटा करा. सगळ्यात नव्याने आधी, मुख्याध्यापकांनी शेवटी. मोठ्या बाई आधी बोलल्या की उरलेले फक्त माना हलवतात.

एखादे सर म्हणतात, 'हे सगळं मी तीस वर्षांपूर्वीच करायचो'? छान. पुढच्या आठवड्यात त्यांच्या वर्गात दोघांना बसू द्या का, विचारा.

आणि चौथीच्या त्या वह्यांचं काय झालं? दोन आठवड्यांनी तशाच आकड्यांचं दुसरं गणित दिलं, ५०३ वजा २६७. २३६ हे बरोबर उत्तर बऱ्याच वह्यांत आलं. दशकाला नऊ उरल्याचं विसरणारे फार थोडे राहिले, शतकाकडे दोनदा जाणारं कुणीच नाही. ताळा करायला लावलेल्यांपैकी सहा जणांनी मात्र परत मोठ्यातून लहान वजा करून ३६४ लिहिलं होतं. येत्या शनिवारी त्या सहा वह्या घेऊन आम्ही पुन्हा बसतोय. बालवाडीच्या ताईंनाही बोलावलंय.