कवाईवर समुद्राला लागून जुनं घर घेताय? आधी हे बघा

हवाईतल्या कवाई बेटावर जुनं लाकडी घर विकायला आलं की फोटो बघूनच जीव अडकतो, पण पहिला प्रश्न जमिनीचा विचारा, फी सिंपल (म्हणजे जमीनही तुमच्याच मालकीची) आहे की लीजहोल्ड, कारण लीजहोल्डमधे घर तुमचं पण जमीन भाड्याची, मुदत संपली की गेली. मग वाळवी. जुन्या घरांच्या भिंती बऱ्याचदा एकेरी फळ्यांच्या असतात, आत पोकळी नाही, त्यामुळे घर तपासणारा इन्स्पेक्टर घेऊनच जा आणि १९९२ च्या इनिकी वादळानंतर काय काय दुरुस्ती झाली, परमिट होतं का, तेही विचारा. सेसपूल (सांडपाणी प्रक्रिया न करताच जमिनीत मुरवणारा खड्डा) असेल तर २०५० पर्यंत बदलावा लागणार, तो खर्च किमतीतून कमी करून मागाच. फ्लड झोन, त्सुनामी झोनचा नकाशा बघा. आणि समोरचा बीच सगळ्यांचा असतो हां, कुंपण नाही घालता येत.