पवनचक्की भंगारात काढताय? या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला आमचा कारखाना बंद केला तेव्हा मी यंत्रमाग किलोवर घातले. टेम्पो काट्यावर जाऊन आला, पैसे मोजून घेतले, विषय संपला. आठवड्याने मागच्या गल्लीतले कारखानदार दारात. "मालक, जकार्ड तेवढं ठेवायचं की! वेगळे पैसे दिले असते." जकार्ड म्हणजे मागावर बसणारं, भोकं पाडलेल्या पंचकार्डांवरून नक्षी विणणारं यंत्र.

समुद्रातल्या म्हाताऱ्या पवनचक्क्यांबद्दल वाचताना मला तो टेम्पोच आठवतो. स्वीडनमधल्या इट्रे स्टेनग्रुंडच्या ५ चक्क्या २००१ च्या. सुटे भाग मिळेनात, मिळाले तर परवडेनात, म्हणून पंधरा वर्षांच्या आतच २०१५ मध्ये त्या उतरवायला घेतल्या. म्हणजे एकाचं भंगार ते दुसऱ्याचं अडलेलं काम. तेव्हा गॅस कटर पेटवण्याआधी विचारा: आख्खी चक्की दुसरीकडे चालेल का? नसेल तर गिअरबॉक्स, जनित्र, ट्रान्सफॉर्मर सुटे जातील का? लोखंडाचा भाव सगळ्यात शेवटी. गिऱ्हाईक मिळत नसेल तर बहुतेक वेळा कागद नसतात. नेमप्लेटचा फोटो, चाललेले तास, दुरुस्तीची वही हे यंत्र खाली उतरण्याआधीच गोळा करा.

दुसरी चूक पात्यांची, आणि ती मोठी. चक्कीच्या वजनातला ८५ ते ९० टक्के माल पुन्हा वापरात येतो, हे ऐकून माणूस निर्धास्त होतो. उरलेल्यात मुख्यतः पातीच असतात. काचतंतू आणि इपॉक्सी ही चिकट राळ एकदा घट्ट झाले की वितळत नाहीत. फायबरची टाकी ग्राइंडरने कापली असेल त्याला ती पांढरी धूळ आणि रात्रभरची खाज माहीत आहे. पाण्याची धार धरून कापा, मास्क लावा.

तुकडे सिमेंटच्या भट्टीत जातात: राळ जळून इंधन होते, काचेतली सिलिका क्लिंकरमध्ये, म्हणजे दळून सिमेंट होणाऱ्या भाजलेल्या खड्यांत, मिसळते. इथे आपल्याकडचा माणूस म्हणेल, होटगीला आहे की सिमेंट, देऊ तिकडं. पण तिथे क्लिंकर दळतात, भाजत नाहीत. भट्ट्या कलबुर्गीकडे, सेडम-वाडी भागात. गाडीभाडं धरूनच भाव काढा. आणि भट्टीआधी दुसरा उपयोग शोधा. आयर्लंडमध्ये कॉर्कजवळ जुन्या पात्यांवर पादचारी पूल उभा आहे, डेन्मार्कच्या ऑलबॉर्गमध्ये सायकलींचा आडोसा. नव्या पात्यांपुरती ही अडचण कमी होतेय. सौम्य आम्लात सुटणाऱ्या राळेची पाती २०२२ मध्ये जर्मनीच्या कास्कासी प्रकल्पात बसली.

तेल आणि वायू आधी काढा. स्विचगिअरमधला (वीज जोडण्या-तोडण्याच्या पेटीतला) सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा वीस हजार पटींहून जास्त उष्णता धरतो. कटर लावून तो हवेत सोडणं म्हणजे वीज स्वच्छ करून शेवटी घाण करणं. गिअरबॉक्स नसलेल्या चक्क्यांच्या जनित्रात बहुधा निओडिमियमची चुंबकं असतात. ती लोखंडात टाकू नका, आणि बोटं सांभाळा.

पायाचं काय करायचं हे करारातच लिहून घ्या. डेन्मार्कच्या विंडेबीत, जिथे १९९१ मध्ये ११ चक्क्यांचा जगातला पहिला समुद्री पवनप्रकल्प उभा राहिला, तिथे २०१७ मध्ये काँक्रीटचे पाये जागेवरच फोडावे लागले. साताऱ्याकडच्या पवनचक्क्यांच्या वनकुसवडे पठारावर समुद्र नाही, पण काँक्रीट तिथेही आहेच.

माझं जकार्ड वितळलं असेल केव्हाच. त्याच्या पंचकार्डांची पेटी तेवढी भंगारवाल्याने वजनात धरली नाही, ती माळ्यावर आहे.