दूरच्या विंडोज संगणकावरचा कमांड-लाइन प्रोग्राम अडला, तर काय तपासावे

चोपडा तालुक्यातील एका जिनिंगमध्ये वजनकाट्याचा संगणक आहे आणि मी तो जळगावहून एसएसएचने (दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे आज्ञा चालवण्याच्या सोयीने) सांभाळतो. गेल्या हंगामात काट्यापुढे कापसाचे ट्रॅक्टर उभे असताना मी पावतीचा प्रोग्राम तिकडे सुरू केला आणि माझा पडदा कोराच राहिला. प्रोग्राम अडकला असे समजून मी तो दोनदा बंद केला. प्रत्यक्षात तो दोन्ही वेळा वाहन क्रमांक विचारून उत्तराची वाट पाहत थांबला होता, फक्त त्याचा प्रश्न माझ्यापर्यंत पोहोचला नव्हता.

म्हणून फाँट, रंग किंवा भाषा यांना हात लावण्यापूर्वी प्रोग्राम टर्मिनलला (प्रश्नोत्तरे चालणाऱ्या मजकुराच्या पडद्याला) जोडला आहे की नुसत्या पाइपला (बाइट वाहून नेणाऱ्या नळीला), हे पाहावे. एसएसएचच्या ओळीतच प्रोग्रामचे नाव दिले तर टर्मिनल मिळत नाही, आणि पाइप दिसला की अनेक प्रोग्राम आपले आउटपुट लगेच न पाठवता साठवून ठेवतात. अशा वेळी एसएसएचच्या पुढे ‘-टी’ हा पर्याय द्यावा. (आज्ञा येथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या लहान इंग्रजी अक्षरांत कराव्यात.) मात्र रात्री आपोआप चालणाऱ्या कामांना ‘-टी’ लावू नये, कारण रंगाचे आणि कर्सरचे संकेत मग लॉग फाइलमध्ये मिसळतात.

विंडोजचे जुने प्रोग्राम पडद्यावर लिहिण्यासाठी कन्सोलच्या फंक्शनना थेट हाक मारतात, तर एसएसएचमधून केवळ बाइटचा प्रवाह जातो. या दोहोंमधला दुभाषी, म्हणजे कॉनपीटीवाय, २०१८ साली विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीत आला. त्याहून जुन्या विंडोजवर, गिट बॅश या आज्ञा देण्याच्या प्रोग्रामच्या खिडकीत असा प्रोग्राम गप्प राहिला, तर त्याच्या नावाआधी ‘विनपीटीवाय’ लिहून तो चालवावा.

आपल्याकडे सर्वाधिक त्रास देतो तो मराठी नावांचा घोळ. ‘रावेर’ हा शब्द यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत) पाच चिन्हांचा आणि पंधरा बाइटचा होतो. तिकडचे कोड पेज (कोणत्या बाइटचे कोणते चिन्ह, हे ठरवणारा तक्ता) ४३७ असेल, तर त्याच पंधरा बाइटची पंधरा सुटी चिन्हे दिसतात आणि दर तिसऱ्या जागी ग्रीक अल्फा येतो. पडद्यावर अल्फांची अशी रांग दिसली, तर माहिती शाबूत असून फक्त कोड पेज चुकले आहे असे बहुतेक वेळा समजावे. ‘सीएचसीपी’ एवढेच टाइप केल्यास चालू क्रमांक कळतो आणि ‘सीएचसीपी ६५००१’ दिल्यास यूटीएफ-८ लागू होते. हा बदल त्या सेशनपुरताच टिकतो, म्हणून प्रोग्राम सुरू करणाऱ्या बॅच फाइलमध्ये ही आज्ञा सर्वात वर लिहावी. पुट्टी हा एसएसएचचा प्रोग्राम वापरत असल्यास आपल्या बाजूलाही ट्रान्सलेशन विभागात यूटीएफ-८ निवडलेले असावे. एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: पाइपमधून बाइट जसेच्या तसे येत असल्याने तीच यादी ‘-टी’शिवाय बरोबर आणि ‘-टी’ लावल्यावर बिघडलेली दिसू शकते, आणि तसे झाले तर दोष तिकडच्या कोड पेजमध्येच शोधावा.

बॅकस्पेस दाबल्यावर एका अक्षराऐवजी भलतेच काही पुसले जात असेल, तर पुट्टीच्या कीबोर्ड विभागात कंट्रोल-एच आणि १२७ यांपैकी दुसरा पर्याय निवडून पाहावा. ओळी चुकीच्या जागी तुटत असतील, तर ‘मोड कॉन’ ही आज्ञा देऊन तिकडची रुंदी आपल्या खिडकीशी जुळते का, ते पाहावे.

एवढे करूनही जोडाक्षरे फुटलेली दिसली, तर आउटपुट फाइलमध्ये वळवून ती नोटपॅडमध्ये उघडावी. तेथे ‘शिंदखेडा’ आणि ‘मुक्ताईनगर’ नीट वाचता आले, तर दोष फक्त टर्मिनलच्या अक्षरजुळणीचा आहे आणि प्रोग्रामला हात लावण्याचे कारण नाही.