सोसायटीत सण सगळ्यांचे, जीबीएम एकच: हे जमवायचं कसं

जीबीएमच्या, म्हणजे सोसायटीच्या सर्वसाधारण सभेच्या अजेंड्यात 'कुणी काय शिजवायचं' हा विषय आला की समजा काहीतरी चुकलंय. आमची ६४ फ्लॅटची सोसायटी, मराठी, गुजराती जैन, मल्याळी, बोहरी, बिहारी, दोन ख्रिश्चन घरं, मी दोन टर्म सेक्रेटरी होते, त्यातून जे कळलं ते सांगते.

आधी एक कागद घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे मताला टाकायच्या गोष्टी, म्हणजे लिफ्टची दुरुस्ती, पाण्याची वेळ, हॉलचं भाडं. उजवीकडे ज्या मताला टाकायच्याच नाहीत त्या: कुणाच्या घरात काय शिजतं, कोण कुणाला पूजतं, भाडेकरू कुठल्या जातीधर्माचा. ६० विरुद्ध ४ झालं म्हणून त्या चौघांच्या स्वयंपाकघरात साठ जणांची सत्ता चालत नाही. संविधानाच्या कलम २९ ने आपली वेगळी भाषा, लिपी, संस्कृती जपायचा हक्क दिलाय आणि त्यासाठी अमुक इतकी डोकी हवीत अशी अट कुठेही नाही.

सामायिक जागेला मात्र नियम एकच हवा. आमच्याकडे गणपतीचा मांडव रॅम्पवर यायचा आणि व्हीलचेअरवरच्या एक आजी दहा दिवस घरात अडकून पडायच्या, आणि हे आम्हाला वर्षानुवर्षं दिसलंच नाही कारण मांडव घालणारे आम्हीच जास्त. मग ठरवलं, रॅम्पपाशी चार फूट मोकळं सोडायचं, गणपती असो, ओणमची फुलांची रांगोळी असो की नाताळचा गोठा. स्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद, तो तर २००० सालापासून नियमच आहे, सरकार ठरावीक दिवशी १२ पर्यंत सूट देतं तेवढीच.

सगळ्यात अवघड म्हणजे तारखा आदळतात तेव्हा. तिथे हात वर करून मोजणी नको, दोन्हीकडची माणसं चहाला बसवा. २८ सप्टेंबर २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली, तेव्हा मुंबईत मुस्लिम मंडळींनी जुलूस २९ ला नेला, सरकारनेही ईदची सुट्टी हलवली. मला हे फार मोठं वाटतं. पण दरवेळी त्याच माणसांनी सरकायचं हे बरोबर नाही, म्हणून आम्ही एक वही ठेवलीये, कोण कधी सरकलं ते तारखेसकट लिहायचं आणि पुढची पाळी दुसऱ्याची.

नोटीस मराठीत, खाली हिंदी आणि इंग्रजी. एजीएमची, म्हणजे वार्षिक सभेची, १४ दिवस आधी लागते, नुसती ग्रुपवर टाकून मोकळं होऊ नका, वयस्कर मंडळींच्या दारात द्या. भाडेकरूंना मत नसतं, पण सणाचं कॅलेंडर ठरवताना त्यांनाही बोलवा.

गेल्या वर्षी पर्युषणात जैन मंडळींना प्रवचनाला हॉल हवा होता आणि आत आमचं मखर, पडदे, लाइटच्या माळा पसरलेल्या. एका रात्रीत सगळं जिन्याखाली नेलं. वहीत एकच ओळ आहे, 'या वेळी गणपती मंडळ सरकलं.'