संशोधन गटाची साप्ताहिक बैठक कामाची कशी करावी
आठ जणांच्या गटात प्रत्येकाने सात-सात मिनिटे 'या आठवड्यात काय केले' सांगितले की तास संपला. बोलणारा गाइडकडे (संशोधन मार्गदर्शकाकडे) बघून बोलतो आणि बाकीचे आपली पाळी कधी येते याची वाट बघतात. आधी ही फेरी बंद करावी.

त्याऐवजी आदल्या संध्याकाळी प्रत्येकाने सामायिक फाइलमध्ये चार ओळी लिहाव्यात: काय झाले, काय अडले, पुढे काय, कुणाची मदत हवी. 'काय अडले' रिकामे सोडायचे नाही. सुरुवातीला तिथे किरकोळ काहीतरी येते, कारण अडलेले सांगण्यात कमीपणा वाटतो. गाइडने स्वतःचा नाकारला गेलेला पेपर तिथे आधी लिहिला की हा संकोच हळूहळू सुटतो.

बैठकीच्या ६० मिनिटांतली पहिली १० या अडचणींना द्यावीत, पुढची ४० एकाच्याच कामाला. सूत्रधार दर आठवड्याला बदलावा. मांडणाऱ्याकडे किंवा गाइडकडे ते काम नको.

मांडणाऱ्याने १५ मिनिटांतच थांबावे. पहिल्याच स्लाइडवर लिहावे की ही कच्ची कल्पना आहे, अर्धवट डेटा आहे की परिषदेआधीची रंगीत तालीम, आणि गटाकडून नेमके कोणते उत्तर हवे. हे सांगितले नाही तर कच्च्या कल्पनेवर फाँटच्या आकाराची चर्चा रंगते. (प्रयोगातच चूक दिसली तर मात्र ती केव्हाही सांगावी.) ग्राफवर अक्षांची एकके, नमुन्यांची संख्या आणि एरर बार (आकड्यातली अनिश्चितता किंवा फरक दाखवणाऱ्या रेघा) कशाचे आहेत हे हवेच, नाहीतर पहिले दहा प्रश्न त्यावरच खर्च होतात.

मांडणी संपली की दोन मिनिटे कुणीही बोलू नये, सगळ्यांनी प्रश्न कागदावर लिहावेत. मग सर्वांत नव्या विद्यार्थ्यापासून सुरुवात करावी आणि गाइडने शेवटी बोलावे. गाइडचे मत आधी आले की उरलेले प्रश्न त्याच्याभोवतीच फिरतात. हा नियम पाळणे गाइडलाच सर्वांत जड जाते, म्हणून सूत्रधाराला त्यांना थांबवण्याची मुभा उघडपणे द्यावी. दोघांचाच वाद पाच मिनिटांपेक्षा लांबला तर तो बैठकीनंतर करायला सांगावे.

शेवटच्या १० मिनिटांत कोण, काय, कधीपर्यंत हे लिहून वाचून दाखवावे. 'बघूया' हा निर्णय नव्हे. पुढची बैठक याच यादीने उघडावी. एखाद्याचे काम सतत मागे पडत असेल, तर तो विषय गटासमोर न काढता गाइडने त्याच आठवड्यात त्याच्याशी एकट्याशी बोलावे.