सिमेंटमध्ये अडकलेल्या झाडाला आळं कसं करावं

जून आला की आपण सोसायटीत हौसेने रोपं लावतो. त्याआधी गेटजवळच्या जुन्या पर्जन्यवृक्षाकडे एकदा नीट बघा. पेव्हर ब्लॉक थेट खोडाला भिडलेले असतात आणि उरलेल्या फटीत सिमेंट भरलेलं असतं. मुंबईत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण या झाडाच्या मुळाशी त्यातलं फारसं मुरत नाही. सगळं गटारात जातं. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. ती तुटली की मुळं कुजतात, पकड सुटते आणि एखाद्या वादळी दुपारी झाड आडवं होतं. नवं रोप तेवढी सावली द्यायला कित्येक वर्षं घेईल. म्हणून माझ्या मते आधी हे झाड वाचवायला हवं.

आधी हद्द बघा. झाड फुटपाथवर असेल तर स्वतः खणू नका, खाली विजेच्या केबल आणि गॅसच्या पाइपलाइन असतात. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात उद्यान विभागाकडे फोटोसह लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. झाड कंपाउंडमध्ये असेल तर कमिटीची संमती घ्या, जमिनीखालच्या लाइन कुठून जातात ते विचारा आणि उद्यान विभागालाही कळवा. १९७५ च्या महाराष्ट्राच्या वृक्ष कायद्याने खासगी आवारातल्या झाडांनाही संरक्षण आहे. परवानगीशिवाय फांदीही छाटू नये.

मग झाड तपासा. बुंध्याशी अळंबी उगवलीय, खोड पोकळ वाजतंय किंवा झाड अलीकडेच कललंय, तर हात लावू नका. आधी उद्यान विभागाकडून पाहणी करून घ्या.

काम दिवाळीनंतर ते मेपर्यंत करा. भर पावसात माती सैल असते, तेव्हा नको. खोडापासून चारी बाजूंनी एक मीटर मोजून खडूने आखा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांसाठी हेच अंतर सांगितलं होतं. ब्लॉक पहारीने एकेक उचला, काँक्रीट छिन्नी-हातोड्याने फोडा. ब्रेकर मशीन अजिबात नको, घाईत तेच मुळं चिरतं. खोडाला चिकटलेला सिमेंटचा थर सालीसकट ओरबाडू नका. बाहेरून आत येत छोटे तुकडे पाडा, घट्ट बसलेला तुकडा राहू द्या. पाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात, म्हणून माती खुरप्याने दोन-तीन इंचच उकरा. अंगठ्याएवढं मूळ दिसलं की थांबा, ते तोडायचं नाही.

आता खडी, सिमेंटचा चुरा वेचून काढा आणि थोडं कंपोस्ट मिसळा. वर दोन-तीन इंच पालापाचोळा पसरा, पण खोडापासून वीतभर लांब. बुंध्यावर मातीचा ढीग चढवला की साल कुजते. सिमेंटचा बंद पार बांधून तो मातीने भरतात, तेव्हा नेमकं हेच होतं. त्याच वेळी खोडात रुतत चाललेल्या रोषणाईच्या वायरी आणि बोर्डांचे खिळेही काढा.

आळ्यात फिनेलचं पाणी किंवा कचरा पडू नये म्हणून सफाई कामगारांशी आणि वॉचमनशी बोलून ठेवा. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा सावकाश पाणी द्या. पुढच्या वेळी कंपाउंडच्या फरसबंदीचं कोटेशन मागवाल तेव्हा ‘प्रत्येक झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी सोडावी’ ही अट त्यात लिहून घ्या आणि ठेकेदाराचं शेवटचं बिल ती मोजल्यावरच द्या.